गोळ्या चालू असताना येणारी ‘पाळी’

“गोळ्या सुरू केल्यापासून अंगावरून फार थोडं जातं. मग बाकीचं रक्त आत साचतं का?” गर्भनिरोधक गोळ्यांविषयीची ही शंका बायकांच्या मनात फार खोल बसलेली आहे. या एका भीतीपोटी कितीतरी जणी पाकीट अर्धवट टाकून देतात आणि नको असताना दिवस राहतात. म्हणून आधी तिचंच उत्तर: रक्त कुठेही साचत नाही, कारण गर्भाशयाचं अस्तर मुळात तेवढं तयारच होत नाही.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं ‘माला-एन’चं पाकीट बघा. त्यात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ गोळ्यांमध्ये दोन संप्रेरकं असतात, लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल. त्यांच्यामुळे बीजांडकोशातून बीज बाहेर पडत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. शेवटच्या ७ गोळ्या फक्त लोहाच्या. त्या दिवसांत संप्रेरकं थांबतात आणि ते पातळ अस्तर गळून पडतं. त्यालाच आपण पाळी म्हणतो खरं, पण बीज सुटल्यानंतर येते ती ही पाळी नव्हे. म्हणूनच ती कमी जाते, एखाद्या महिन्यात येतही नाही. सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर घाबरू नका. मात्र गोळ्या चुकल्या असतील किंवा सलग दोन महिने काहीच दिसलं नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या.

लोहाची गोळी राहिली तर संरक्षण कमी होत नाही. खरा धोका असतो नवं पाकीट उशिरा सुरू करण्यात, कारण संप्रेरकांशिवायचे दिवस सातांपेक्षा जास्त झाले की बीज सुटू शकतं. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या पुढे चालू ठेवून ७ दिवस निरोधही वापरावा. अगदी नेमाने घेणाऱ्या १०० जणींत वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. रोजच्या धबडग्यात विसरत, चुकत घेणाऱ्यांत सुमारे सात जणींना.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्या वेगळ्या. त्या नोरेथिस्टेरॉनच्या असतात आणि तशा घेतल्याने गर्भधारणा टळत नाही.

गोळ्यांनी वांझपण येतं, हेही खरं नाही. बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होते. ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर मात्र दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

गोळ्या सगळ्यांनाच चालतात असंही नाही. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल किंवा अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर दुसरा उपाय निवडावा. नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिक्सनी गोळी निकामी होत नाही. पण क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने आणि फिट्सच्या काही औषधांनी तिचा प्रभाव घटतो. क्षयाचे उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना गोळ्यांबद्दल सांगा आणि तांबी बसवता येईल का, ते विचारा.