आजोबांच्या टेबलावरचा संगणक

चेन्नईच्या अड्यार भागात, गांधी नगर, कस्तुरबा नगर किंवा इंदिरा नगरच्या सावलीतल्या रस्त्यांवरून सकाळी चालत गेले की एक गोष्ट सहज लक्षात येते. दारात कोलम रेखलेला असतो, तुळशीला पाणी घातलेले असते, वऱ्हांड्यात वर्तमानपत्र उघडलेले असते आणि घरात माणसे असतात दोनच, कधी तर एकच. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्याला किंवा बंगळूरला. यांतली काही घरे मराठी आहेत. कोणी बँकेच्या वा रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आले आणि समुद्राच्या वाऱ्याला भुलून इथेच राहिले. कोणाचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागे तंजावरला गेले आणि पुढच्या पिढ्या मद्रासला आल्या. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल असतो, पण सांबारावरचा हक्क ते कोणालाही सोडत नाहीत.

अशा घरी सुट्टीत मुलगा येतो तेव्हा बॅगेतून एक लॅपटॉप निघतो. ‘‘बाबा, हा तुम्हाला. आता रोज समोरासमोर बोलू.’’ दोन दिवस शिकवणी चालते. तिसऱ्या दिवशी विमान असते. महिन्याभराने फोनवर विचारले तर उत्तर येते, ‘‘आहे रे, छान आहे. ठेवलाय नीट.’’ नीट म्हणजे कपाटात, आईने विणलेल्या रुमालाखाली.

यात म्हाताऱ्या माणसाच्या बुद्धीचा दोष शोधण्याची घाई केली जाते. ज्यांनी तीस-तीस वर्षे खतावण्या तपासल्या, ज्यांनी पन्नास माणसांच्या पंगतीचा हिशेब तोंडी केला, त्यांना एक यंत्र कळत नाही असे मानणे हेच मुळात चूक आहे. चुकते ती निवड. मुलगा आपल्याला आवडेल असे यंत्र घेतो: पातळ, हलके, महागडे. ज्याला ते वापरायचे आहे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

विचारले तर उत्तरे साधी असतात. नातवाचा चेहरा मोठा दिसावा. सोसायटीला मराठीत नाही तर इंग्रजीत एक नीटनेटके पत्र लिहिता यावे. जुनी नाट्यगीते ऐकता यावीत. पेन्शनची पावती पाहता यावी. यांतले शेवटचे काम तर आता संगणकाशिवायही होते. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ‘जीवन प्रमाण’ ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला देण्याची व्यवस्था साध्या अँड्रॉइड फोनवर आली. तेव्हा घरात चांगला फोन असेल आणि बाबांची गरज एवढीच असेल, तर संगणक घेऊच नये. हे दुकानदार सांगणार नाही, म्हणून आधी घरातच ठरवलेले बरे.

अड्यारच्या शेजारी झालेला प्रयत्न

‘साधा संगणक’ ही कल्पना अड्यारकरांना नवी नाही. सरदार पटेल रस्त्यावर, अगदी शेजारी, १९५९ साली स्थापन झालेली आयआयटी मद्रास आहे. तेथील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईचे उद्योजक राजेश जैन आणि अमेरिकेच्या अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचे सहसंस्थापक रे स्टाटा यांच्यासह ‘नोव्हाटियम’ ही कंपनी उभी केली. तिचा ‘नेटपीसी’ म्हणजे एक छोटी पेटी. तिच्यात हार्ड डिस्क नाही, तिच्यात प्रोग्रॅम भरायचे नाहीत. सगळे काम दूरच्या मोठ्या संगणकावर चालायचे आणि घरच्या पडद्यावर फक्त ते दिसायचे. केबल टीव्हीसारखे महिन्याला पैसे भरायचे. व्हायरस, दुरुस्ती, नवी आवृत्ती यांची चिंता कंपनीने वाहायची. यंत्राची किंमत १०० डॉलरच्या आसपास आणण्याचा बेत होता.

त्याच सुमारास बंगळूरला ‘सिम्प्युटर’ तयार झाला. हातात मावणारा, भारतीय भाषा बोलणारा. त्याचे ‘अमिदा’ हे रूप २००४ साली बाजारात आले. दोन्ही यंत्रांचे कौतुक देशोदेशी झाले, पण घरोघरी ती पोचली नाहीत. सिम्प्युटर मोबाईल फोनच्या लाटेपुढे टिकला नाही. नेटपीसीला सतत चांगली जोडणी हवी होती आणि त्या काळी घरची इंटरनेट जोडणी मधूनच रुसून बसायची. जोडणी गेली की पेटी म्हणजे नुसता डबा.

तरी त्या पेटीमागचा विचार आजही खरा आहे. वयस्क माणसाला स्वस्त यंत्रापेक्षा असे यंत्र हवे, ज्याची देखभाल त्याला करावी लागत नाही. आज क्रोमबुक किंवा आयपॅड हे काम बऱ्याच अंशी करतात. त्यांच्या दुरुस्त्या आपोआप होतात आणि मनाला येईल तिथून काहीबाही उतरवून घेण्याला मुळातच आळा असतो. मात्र क्रोमबुक घेताना एक प्रश्न दुकानात नक्की विचारावा: याला सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळणार? २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकांना त्या दहा वर्षे देण्याचे गूगलने २०२३ साली जाहीर केले. ही मुदत आपण विकत घेतलेल्या दिवसापासून मोजत नाहीत. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला माल सवलतीत विकला जातो तो यासाठीच.

जुना लॅपटॉप आणि त्याचे वय

बहुतेक घरांत मात्र नवे यंत्र येत नाही. नातवाला नवा मिळतो, त्याचा जुना आजोबांकडे येतो. काटकसर म्हणून यात वावगे काही नाही, पण जुन्या यंत्राचे वय पाहिले पाहिजे. विंडोज १० या प्रणालीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि नोंदणी करणाऱ्यांना मिळाली ती वर्षभराची वाढीव मुदत. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. असा लॅपटॉप चालतो, दिसायला ठीक असतो, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराच्या घरात झोपणे.

यावर एक उपाय लिनक्सचा. त्यातही ‘बॉस’ ही प्रणाली चेन्नईच्याच सी-डॅकने तयार केली. २००७ साली ती पहिल्यांदा आली, मोफत आहे आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. लिनक्स मिंट तर जुन्या यंत्रांवर हलकेच चालते. पण घरात किंवा शेजारी लिनक्स जाणणारा कोणी असेल तरच या वाटेने जावे. प्रिंटर अडला आणि मुलगा शिकागोत झोपलेला असला की आजोबांचा दिवस वाया जातो, आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्राला हात लावत नाहीत.

हात आणि डोळे

दुकानात सारे जण मेमरी आणि वेग यांविषयी बोलतात. वयस्क माणसाचे खरे प्रश्न मात्र बोटांचे, मानेचे आणि चष्म्याचे असतात.

हात थोडा थरथरत असेल तर दोनदा टिचकी मारताना उंदीर हलतो आणि फाइल उघडण्याऐवजी सरकून दुसरीकडे जाते. ‘‘माझ्या हातून काहीतरी पुसलं गेलं,’’ ही भीती येथूनच सुरू होते. एका टिचकीत फाइल उघडेल अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी करून द्यावी. टिचक्यांचा वेगही कमी करता येतो, बाणही मोठा आणि ठळक करता येतो. लॅपटॉपची सपाट पाटी बहुतेकांना नकोशी वाटते. साधा, तारेचा, जरा मोठा माऊस उत्तम. त्याची बॅटरी संपत नाही आणि तो उशीखाली हरवत नाही.

स्पर्शाचे पडदे सर्वांना सोपेच असतात असेही नाही. वाढत्या वयात बोटांची त्वचा कोरडी होते आणि असे पडदे कोरड्या बोटाला नीट दाद देत नाहीत. आजी जोर लावून दाबते, काही होत नाही, मग चारदा दाबते आणि चार गोष्टी एकदम उघडतात. तिला दुकानात नेऊन दहा मिनिटे स्वतः हाताळू द्यावे. विक्रेत्याने करून दाखवू नये, तिनेच करावे.

पडदा मोठा असावा, २२ ते २४ इंच, आणि अक्षरे १२५ किंवा १५० टक्के करून ठेवावीत. विंडोजमध्ये खिडकीच्या खुणेचे बटण आणि अधिकचे चिन्ह एकदम दाबले की भिंग उघडते, हे दाखवले की चेहरा खुलतो. पण पडदा उंचावर ठेवू नये. दुहेरी चष्मा लावणारी माणसे जवळचे काचेच्या खालच्या भागातून वाचतात. पडदा डोळ्यांच्या वर गेला की त्यांना हनुवटी उचलून बघावे लागते आणि तासाभरात मान धरते. मग संगणकाने मान धरते, असा समज होतो. पडदा खाली आणि किंचित मागे कलता ठेवावा, खिडकीकडे पाठ करू नये.

मराठी लिहिण्याचा प्रश्नही येतो. ज्यांना टंकलेखन येत होते त्यांना मराठी कळफलकाचे कागद चिकटवून दिले तर आठवडाभरात हात बसतो. इतरांनी बोलून लिहावे. गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे. तंजावरी मराठी मात्र तिला अधूनमधून चकवते, आणि ते वाचून हसण्यात एक दुपार बरी जाते.

खारे वारे आणि डिसेंबरचे पाणी

अड्यारला इलियट्सचा किनारा जवळ आहे. खारी, दमट हवा तारांच्या टोकांना गंज आणते, म्हणून यंत्र समुद्राकडच्या उघड्या खिडकीशी ठेवू नये. वीज जाते तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस लागतो. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी हा त्याचा मोठाच फायदा आहे. लॅपटॉपलाच मोठा पडदा आणि माऊस जोडला की दोन्हींचे गुण एका ठिकाणी मिळतात. बऱ्याच घरांना हाच मार्ग सोयीचा पडेल.

डिसेंबर २०१५ चा पूर अड्यारकर विसरलेले नाहीत. १ आणि २ डिसेंबरला चेंबरम्बाक्कम तलावातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि अड्यार नदी काठावरच्या वस्त्यांत शिरली. तळमजल्यावरच्या घरांत कपाटेच्या कपाटे बुडाली. वीज गेली, फोन बंद पडले, परदेशातली मुले दोन-दोन दिवस आई-वडिलांचा आवाज ऐकू शकली नाहीत. अशा वेळी कोणताही संगणक उपयोगाचा नसतो. तेव्हा यूपीएसची पेटी जमिनीवर ठेवू नये, फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावातल्या मुलाकडे असावी, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा नंबर कागदावर लिहिलेला असावा.

फोनवरचा ‘साहेब’

सर्वांत मोठा धोका पाण्याचा नाही. संगणक घरात आला की त्यामागून फोनवर ‘साहेब’ येतात. ‘तुमच्या नावाने पार्सल आले आहे’, ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे’, ‘कॅमेऱ्यासमोरून उठू नका’. असा कोणताही कायदा भारतात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितले. तरी आयुष्यभर पोलिसाला घाबरून वागलेली सरळ माणसे यात अडकतात आणि जन्माची पुंजी घालवून बसतात. पैसे गेले तर शरमेने ते मुलांनाही सांगत नाहीत. खरे नुकसान त्या गप्प राहण्यातून वाढते, कारण १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते.

मुलगा दूर बसून मदत करण्यासाठी जे प्रोग्रॅम वापरतो, तेच ठगही वापरतात. एनीडेस्कविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. म्हणून असा प्रोग्रॅम कायम उघडा ठेवू नये. मदत लागली तर आधी बाबांनी मुलाला फोन करावा, मुलाने नव्हे, आणि त्यानंतरच दार उघडावे. नवा प्रोग्रॅम बसवण्याचे अधिकार असलेले खाते वेगळे ठेवून बाबांना साधे खाते द्यावे. त्यांना हे सांगूनच करावे. लपवून केले आणि नंतर कळले तर, ‘‘माझ्यावर विश्वास नाही?’’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो.

शिकवणीही एका दिवसात उरकू नये. दिवसाला एकच गोष्ट: आज सुरू करणे आणि बंद करणे, उद्या फोटो पाहणे, परवा नातवाला फोन. माऊस त्यांच्याच हातात राहावा. मुलगा हात पुढे करून ‘‘थांबा, मी करतो,’’ म्हणाला की शिकवणी तिथेच संपते. शेजारी दोनशे पानी वही ठेवावी आणि तिच्यात त्यांनीच, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अक्षरात लिहावे. पहिल्या पानावर सुरू करण्याचे बटण कोठे आहे ते, दुसऱ्या पानावर मुलाचा नंबर, आणि तिसऱ्या पानावर मोठ्या आकड्यांत १९३०.