ऊन पडले, तरी पाणी का चढले?

कोल्हापूरकरांना हा अनुभव नवा नाही. आठवडाभर कोसळणारा पाऊस एके दिवशी उघडतो. आमच्या राजारामपुरीत गच्च्यागच्च्यांवर ओले कपडे वाळत पडतात. आणि त्याच दुपारी बातमी येते, की राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी आणखी काही इंचांनी चढले! पाऊस थांबला, मग पाणी कशाने चढले?

निम्मे उत्तर तुम्हीच द्याल. शहरात ऊन पडले तरी गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस चालूच असतो. त्या डोंगरांवर पडलेले पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून प्रयाग चिखलीला येते, तिथून पुढे पंचगंगा. एवढी वाट चालून यायला पाण्याला वेळ लागणारच. उरलेले निम्मे उत्तर मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कारण ते नदीच्या वरच्या अंगाला नसून खालच्या अंगाला आहे. प्रयागपासून सुमारे ८० किलोमीटर वळणे घेत पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते, त्या नृसिंहवाडीला ते सापडते.

एका श्रावणात आम्ही उभयता वाडीला गेलो होतो. एस.टी.ने पन्नासेक किलोमीटरचा प्रवास. गाव दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. एका अंगाने कृष्णा, दुसऱ्या अंगाने पंचगंगा, मध्ये औदुंबर, दत्ताच्या पादुकांचे देऊळ आणि रुंद दगडी घाट. पलीकडे औरवाडचा हिरवा काठ. नदीकाठची इतकी देखणी गावे महाराष्ट्रात थोडीच असतील. कृष्णेचे पाणी घाटाच्या बऱ्याच पायऱ्या चढून आले होते. देवळात अजून शिरले नव्हते. दर्शन झाले, बासुंदी झाली, आणि कुरुंदवाडकडे जाणाऱ्या पुलावर आम्ही पंचगंगा पाहायला उभे राहिलो.

वरून जलपर्णीचा एक मोठा पुंजका वाहत आला. पुलाच्या अलीकडे त्याची गती मंदावली. मग तो जागच्या जागी सावकाश गोल फिरू लागला. घाटापाशी तर कृष्णेतून ओंडके भराभर जाताना आम्ही पाहिले होते.

"अहो, ही नदी थांबलीय की काय?" सौ. म्हणाली.

"थांबली नाही, पण अडली आहे," मी म्हणालो. तेवढ्यावर तिचे समाधान होईना, आणि ते बरोबरच होते. अडवायला तिथे ना भिंत होती ना बंधारा. मग नदीला अडवले कोणी?

कृष्णेने. कऱ्हाडला कोयनेचे पाणी आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेचे पाणी पोटात घेऊन ती वाडीला येते. संगमावर दोन्ही नद्यांच्या पाण्याची पातळी एकच असणार, आणि ती ठरवण्यात थोरल्या नदीचा वाटा मोठा. कृष्णा फुगली, की पंचगंगेच्या मुखाशी पाणी उंच होते. पाणी वाहते ते पृष्ठभागाच्या उतारामुळे. मुखाशी पातळी चढली की उतार कमी झाला, आणि उतार कमी झाला की वेग मंदावला.

आता थोडे गणित करू. दर सेकंदाला वाहणारे पाणी म्हणजे प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. समजा, छेद २०० चौरस मीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर आहे. म्हणजे सेकंदाला ४०० घनमीटर पाणी जाते. वरून येणारे पाणी तेवढेच राहिले, पण वेग १ मीटरवर आला, तर छेद ४०० चौरस मीटर व्हायलाच हवा. तो कसा होणार? पाणी चढेल, आणि काठ संपले की उसाच्या फडांत पसरेल. वरून एक थेंबही जास्त न येता पाणी चढते ते असे. या प्रकाराला आपल्याकडे फुगवटा म्हणतात.

हे घरी करून पाहता येईल. मीटरभर लांबीची पन्हळ घ्या. तिचे वरचे टोक खालच्यापेक्षा १ सेंटीमीटर उंच ठेवा आणि खालचे टोक पाण्याच्या घमेल्यात सोडा. वरून नळाची बारीक धार सोडा. आता घमेल्यातले पाणी वाढवत जा. पन्हळीच्या खालच्या टोकाच्या तळापेक्षा ते १ सेंटीमीटर उंच झाले, की पन्हळीच्या वरच्या टोकापर्यंत फुगवटा पोचेल. नळ तर आपण वाढवला नव्हता! आता वरचे टोक १० सेंटीमीटर उंच करा. घमेल्यातले पाणी तेवढेच ठेवले तरी फुगवटा खालच्या १० सेंटीमीटरांतच संपतो. उतार जितका कमी, तितका फुगवटा लांबवर पोचतो.

नदीलाही हाच हिशेब लागू पडतो. समजा, नदीचा उतार किलोमीटरला २० सेंटीमीटर आहे. एरवी मुखाशी असते त्यापेक्षा पाणी ५ मीटर जास्त चढले, तर सरळ भागाकाराने फुगवटा २५ किलोमीटर मागे जातो. प्रत्यक्षात वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग वक्र असतो, त्यामुळे थोडाफार परिणाम त्याच्याही मागे जाणवतो. पंचगंगा घाट सोडल्यावर सपाटीवरून जाते, त्यातून ती नागमोडी. वळणांमुळे वाट लांबते आणि तोच उतार जास्त लांबीवर वाटला जातो. फुगवट्याला याहून सोयीची नदी कोणती?

वाडीचा प्रसिद्ध दक्षिणद्वार सोहळा याच चढत्या पाण्याचा. कृष्णा चढत चढत उत्तरेच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तिथे स्नानासाठी भाविकांची झुंबड उडते. शिरोळ तालुक्यात पाऊस तसा बेताचाच. हे सारे पाणी सह्याद्रीवरचे. वाडीच्या घाटावर कोरडे ऊन असताना देऊळ बुडते, यात म्हणून काही नवल नाही.

सोहळ्यापर्यंत ठीक, पण ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही नद्या एकदमच फुगल्या. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, शिरोळची गावेच्या गावे पाण्यात गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग. गोठ्यातली जनावरे केव्हा सोडायची आणि घर केव्हा सोडायचे, हा निर्णय नदीकाठच्या माणसाला आपल्या दारातले पाणी पाहून घेता येत नाही. कोयनेतून किती पाणी सोडले आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, हेही त्याला पाहावे लागते.

जगात याहून मोठा चमत्कार कंबोडियात घडतो. तिथली तोनले साप नदी एरवी आपल्या सरोवराचे पाणी मेकाँगला नेऊन देते. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते, की तोनले साप चक्क उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. पंचगंगा नुसती मंदावते. तिथे उताराची दिशाच बदलते, एवढाच फरक.

आपल्याकडे पूर आला, की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर वाद रंगतो. त्याची पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. मोठ्याने बोलणाऱ्यांना एवढाच आकडा पुरेसा वाटतो. पन्हळीचा प्रयोग केलेला विद्यार्थी मात्र आधी विचारील : मधल्या नदीचा उतार किती, त्या दिवशी प्रवाह किती होता, आणि वाटेत पूल, भराव, गाळ यांनी किती अडवले?

येत्या पावसाळ्यात वहीत तीन रकाने आखा. रोजच्या वर्तमानपत्रातून राजाराम बंधाऱ्याची पातळी, आयर्विन पुलाची पातळी आणि गगनबावड्याचा पाऊस उतरवून घ्या. पाऊस कमी होऊनही बंधाऱ्याची पातळी चढलेला दिवस सापडला, तर त्या दिवशीचा आणि आदल्या दिवशीचा आयर्विनचा आकडा पाहा. तो चढता होता की उतरता?