संक्रांत कोणावर बसली?

युरोपातल्या हिवाळी सणांची काळी बाजू हल्ली आपल्याकडेही चवीने वाचली जाते. ५ डिसेंबरच्या रात्री ऑस्ट्रियातल्या द्वाड पोरांना फोकाने झोडपणारा शिंगाडा क्राम्पुस, आइसलँडमधली पोरं शिजवून खाणारी ग्रीला, नवा कपडा न मिळालेल्याला गिळणारं नाताळातलं मांजर. हे वाचून वाटतं, त्यांचे सण भयाण आणि आपला तीळगुळाचा सण निव्वळ गोड. हाच पहिला गैरसमज. वलगाव असो, अमरावती की अकोला, ‘यंदाची संक्रांत एकुलत्या एका मुलावर आहे, अमुक सवाष्णींना हिरव्या बांगड्या भरा’ ही कुजबुज अधूनमधून उठतेच, आणि आता ती मोबाइलवरून तासाभरात गावभर होते. भीती दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की क्राम्पुस पोरांना भेडसावतो आणि आपली अफवा पोरांच्या आईला. क्राम्पुस निदान वागणूक सुधारायला सांगतो. अफवा फक्त खरेदी सांगते.

‘पण हे तर पंचांगातच दिलेलं असतं,’ असा आक्षेप हमखास येतो. पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र, ती कुठल्या दिशेला जाते हे असतं खरं. मात्र ते कोष्टकावरून निघतं. सूर्य मकर राशीत शिरताना बव करण चालू असेल तर वाहन सिंह, बालव असेल तर वाघ, कौलव असेल तर डुक्कर. वस्त्राचा रंगही तसाच करणावरून ठरतो. करणं एकूण अकराच, त्यामुळे तीच वाहनं फिरून फिरून येतात. संक्रांतीची देवी यंदा कोपली म्हणून वाघावर बसत नाही. देवी ज्या वस्तू वापरते त्या महागतील, अमुक दिशेला त्रास होईल असं फळ पंचांगं छापतात, आणि त्यावरही विश्वास ठेवायला पुरावा नाहीच. पण एकुलता एक मुलगा आणि हिरव्या बांगड्या त्या कोष्टकात कुठेच बसत नाहीत. शिवाय प्रचलित कथेत ही देवी संकरासुराला मारणारी आहे, दुसऱ्या दिवशी किंकरासुराला. राक्षस मेला तो दिवस किंक्रांत म्हणून आपण अशुभ धरतो आणि मारणारीलाच घाबरतो, हा तर्क मोठा अजब आहे.

भीतीला इतिहासाचा आधार म्हणून पानिपत पुढे केलं जातं: ऐन संक्रांतीला मराठ्यांचा घात झाला. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे खरं. पण त्या वर्षी संक्रांत १४ तारखेला नव्हती. आपलं पंचांग सूर्याचा राशिप्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं; ते वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे, म्हणून साधारण ७० वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी १०२ वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे सदाशिवरावभाऊंचं सैन्य रणात उतरलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. त्या पराभवामागे उपासमार होती, तुटलेली रसद होती. याच हिशेबाने उत्तरायणाचाही उलगडा होतो: दिवस मोठा व्हायला सुरुवात २१-२२ डिसेंबरलाच होते, संक्रांतीला नाही.

‘अफवेने होईना, चार बायका एकमेकींकडे जातात, कासाराचा धंदा होतो, बिघडलं काय?’ हा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. पण त्यासाठी भीती लागतच नाही. वाण लुटणं आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच, तेही हौसेने. भीतीने केलेल्या खरेदीत ज्या घरात पैसा नाही तिथली बाई आधी कर्ज काढते, आणि पुढे पोर आजारी पडलं तर दोष स्वतःकडे घेते. आइसलँडमध्ये नाताळातल्या बागुलबुवांची भीती पोरांना घालू नये म्हणून १७४६ मध्ये सरकारी फर्मान निघालं होतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण अफवेला ना बुवा असतो ना गादी. तक्रार करायची कुणाविरुद्ध? तिथे गाडगेबाबांचीच रीत कामाची. २० डिसेंबर १९५६ ला याच वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. कीर्तनात ते समोरच्यालाच प्रश्न विचारत सुटायचे. निरोप धाडणाऱ्या शेजारणीलाही तेवढंच विचारावं: कोणत्या पंचांगात, कोणत्या पानावर?