वादळाची रात्रपाळी

रात्री 8:00

जून लागला की हवामान खात्याच्या मौसम भवनातली रात्रपाळी म्हणजे अरबी समुद्राची चाकरी. बाहेर दिल्ली अजून भाजतेय, आत एसीचा गारठा, आणि आम्ही पावणेदोन हजार किलोमीटरवरच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेलो. तेही सरळ नव्हे, तर 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट उपग्रहाच्या डोळ्यांनी.

जाणाऱ्या पाळीने वही पुढे सरकवली. गोव्याच्या पश्चिमेला साधारण सहाशे किलोमीटरवर डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या अलीकडची पायरी, वारा 30 नॉट, टी-नंबर 2.0. वर पेन्सिलीने एक ओळ: ‘पूर्वेचे वारे जोरात. केंद्रावर विश्वास कमी.’ ही ओळ मी दोनदा वाचली.

8:30

घड्याळ भारताचं, पण हिशोब ग्रीनिचचा. तिथे दुपारचे तीन वाजले की जगभरच्या वेधशाळा आपापली निरीक्षणं नोंदवतात, तेव्हा आपल्याकडे साडेआठ. नकाशावर आकडे उमटायला लागले. किनारा गच्च भरला, समुद्र मात्र कोरा. जहाजं शहाणी असतात, अशा जागेपासून चार हात लांबूनच जातात. गोवा आणि मुंबईच्या रडारची नजर चारपाचशे किलोमीटरपलीकडे पोचत नाही. अमेरिकेत चक्रीवादळाच्या पोटात विमानं घालतात, आपल्याकडे ती सोय नाही. तेव्हा किनाऱ्यापासून इतक्या लांबच्या वादळाचं जे काही कळतं ते जवळजवळ सगळं उपग्रहाकडून.

आणि इन्सॅटला वारा दिसत नाही. त्याला दिसतो ढगांचा माथा. दिवसा सूर्यप्रकाशात तो किती उजळ आहे ते, आणि रात्री अवरक्त किरणांत तो किती थंड आहे ते. त्या माथ्यावरून खालच्या वाऱ्याचा अंदाज बांधायची रीत व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने 1970च्या दशकात बसवली. ढगांच्या पट्ट्याने केंद्राभोवती किती वेढा घातलाय ते मोजायचं. अर्ध्या फेऱ्याच्या आसपास भरला तर टी-नंबर 2.5, साठ-सत्तर टक्के भरला तर 3.0. 2.5 म्हणजे 35 नॉट, म्हणजे ताशी 65 किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळ. मोजायला एक सर्पिल असतो. आता तो पडद्यावर माउसने फिरवता येतो, पण आमच्या सरांच्या खणात अजून जुनी प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी आहे, कडा पिवळ्या पडलेली. अडलं की तीच बाहेर निघते.

मी सर्पिल लावला. वेढा 0.4, फार तर 0.45. पण हा आकडा केंद्र कुठे धरता त्यावर अवलंबून. केंद्र थोडं इकडे सरकवलं की 0.35, थोडं तिकडे की 0.5. बुलेटिनमध्ये 2.0 कायम ठेवला.

10:30

मेटॉप उपग्रहाची फेरी याच सुमाराला अरबी समुद्रावरून जाते. त्याच्यावरचा स्कॅटरोमीटर, म्हणजे अ‍ॅस्कॅट, समुद्राच्या पृष्ठभागावर सूक्ष्मलहरी सोडतो. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक लहरींवरून त्या परततात, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही काढता येतात. वाऱ्याची एवढी थेट खबर रात्री दुसरीकडून क्वचितच मिळते. गोम एकच: त्याला दिसणारे पट्टे दोन, प्रत्येकी साडेपाचशे किलोमीटर रुंद, आणि उपग्रहाच्या बरोबर खालची जागा कोरी. वादळं त्या कोऱ्या जागेत शिरायला इतकी टपलेली असतात की नवख्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतो, यात तुझं काही चुकलेलं नाही.

11:30

चार्ट. बुलेटिन. फरक नाही.

12:15

अ‍ॅस्कॅटचा डेटा आला. निम्मं वादळ फटीत, पूर्वेकडचा निम्मा भाग पट्ट्यात. तिथे 35 नॉटचे तीन बाण. पण बाणांचं वळण बघितलं तर ते ज्या बिंदूभोवती फिरताहेत तो आम्ही ठेवलेल्या केंद्रापासून बराच पूर्वेला वाटत होता.

सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “तीन बाणांवर बारसं करायचं का?”

उत्तर हिंद महासागरातल्या वादळांची नावं आधीच ठरलेली असतात. 2020 साली आलेल्या यादीत 13 देशांची प्रत्येकी 13, एकूण 169. पुढचं नाव समोर तयार होतं. प्रश्न वेळेचा होता. लवकर नाव दिलं आणि सकाळी ते विरलं तर लोक हसतात. उशीर केला तर, सरांच्या शब्दांत, “नाव ठेवलं नाही म्हणून आपल्यालाच नावं ठेवतील.” थांबायचं ठरलं.

2:30

ही वेळ फसवी. समुद्रावरचे ढग मध्यरात्रीनंतर फुगतात आणि पहाटेच्या सुमाराला त्यांचे माथे सर्वांत थंड होतात. दर पंधरा मिनिटांनी नवं चित्र येत होतं आणि प्रत्येक चित्रात पांढरा डाग वाढत होता. ड्व्होरॅकच्या रंगपट्टीत पांढरा म्हणजे उणे 70 ते 75 अंश. मग मधोमध राखाडी ठिपका उमटला, म्हणजे उणे 76च्याही खाली. गोल, गरगरीत, बघणाऱ्याला वाटावं आता डोळा उघडणार. यंत्रानेच टी-नंबर काढणारी जी प्रणाली आहे ती एकदम तीनच्या पुढे गेली.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. डोळा स्पष्ट असेल तर ते आमच्याइतकं, कधी आमच्याहून बरं मोजतं. पण डोळा नसलेल्या कोवळ्या वादळात ते सर्वांत थंड ढगाच्या मध्याला केंद्र समजतं. मान्सूनच्या तोंडावर वरच्या थरातले पूर्वेचे वारे ढगांचा डोलारा पश्चिमेला ढकलतात, खालचा भोवरा मागे राहतो. भोवऱ्यातले ढग बुटके आणि कोमट, तापमान जवळजवळ समुद्राइतकंच. अवरक्त चित्रात रात्री ते पाण्यात मिसळून जातात. म्हणजे ज्याला शोधायचं तो नेमका अदृश्य, आणि जो दिसतो तो नुसता डोलारा.

मी 2.5 लिहिलं, पण वारा अजून 30 ते 35च्या मध्येच धरला. केंद्रासमोर नोंद केली, ‘अनिश्चितता शंभर किलोमीटर’.

4:10

जपानी उपग्रहाचं सूक्ष्मलहरींतलं चित्र उशिरा का होईना आलं. या लहरी वरचे पातळ ढग भेदून खालचा पाऊस दाखवतात. पावसाची कमान पश्चिमेला दाट, पूर्वेला उघडी. आता संशयाला दोन साक्षीदार झाले. चहा आला तो कपात तसाच गार झाला.

मुंबईच्या कार्यालयातून ड्युटीवरच्या बाईंचा फोन. “मॅडम, बंदरांना एक नंबरचाच बावटा ठेवू, की तीनची तयारी करू? हर्णैचे लोक विचारतायत.” लांब समुद्रात काहीतरी आहे एवढंच सांगतो तो एक नंबर, बंदरातच वारं येऊ शकतं असं सांगतो तो तीन नंबर. तो निर्णय मुंबईचा, पण आधार आमच्या आकड्याचा. मी म्हटलं, “ताई, उजाडू दे. साडेआठला पक्कं सांगते.” पलीकडून नुसतं “बरं” आलं. कोकणात हे प्रश्न आता कोणी हलके घेत नाही. 2020 साली निसर्ग चक्रीवादळ 1 जूनला डिप्रेशन होतं आणि 3 जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. दोन दिवसांच्या अशा प्रवासात केंद्राची शंभर किलोमीटरची चूक म्हणजे एका तालुक्याऐवजी दुसऱ्याच तालुक्याला सावध करणं.

5:30

पहाटेचा मुख्य चार्ट. ग्रीनिचचे शून्य वाजले. किनाऱ्यावरचा दाब किंचित उतरलेला. सरांनी खणातून पिवळी पट्टी काढली, पडद्यावर धरली, काही न बोलता परत ठेवली. नाव द्यायचं नाही, असं पुन्हा ठरलं.

6:50

त्या रेखांशावर सूर्य आपल्या घड्याळाच्या सहा वाजून वीसेक मिनिटांनी वर येतो. पुढच्या अर्ध्या तासातलं दृश्य चित्र मला सर्वांत आवडतं. उन्हाची तिरीप इतकी आडवी असते की ढगांच्या सावल्या शंभर-शंभर किलोमीटर पसरतात आणि उंच काय, बुटकं काय, ते आपोआप कळतं. शिवाय दृश्य चित्राची बारकाई किलोमीटरभराची, अवरक्ताची चार किलोमीटरची.

आणि तो तिथे होता. दाट ढगाच्या पूर्व काठाबाहेर, उघड्यावर, बुटक्या ढगांच्या बारीक दोऱ्यांचा नीटस भोवरा. काठापासून अंतर पाऊण अंश, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. ड्व्होरॅकच्या नियमात अशा उघड्या भोवऱ्याला या अंतरावर 2.5 मिळतो. रात्रीचा आकडा तोच राहिला, जागा बदलली. गोव्यापासूनचं अंतर त्याबरोबर कमी झालं.

8:30

सर म्हणाले, “आता करा बारसं.” चक्रीवादळ, 35 नॉट, नवं केंद्र, नवा मार्ग. विमानांसाठी वेगळा सल्ला, बंदरांसाठी वेगळा, शेजारच्या देशांसाठी वेगळा. मुंबईला फोन केला. तिकडे तीनच्या बावट्याचा मसुदा आधीच तयार होता, फक्त आकडे भरायचे होते.

सकाळच्या पाळीवरचा मुलगा डबा ठेवून खुर्चीत बसला. नवं नाव कोणत्या देशाचं आणि त्याचा उच्चार कसा, हाच त्याचा पहिला प्रश्न. वर्तमानपत्रांचाही पहिला प्रश्न तोच असणार. मी त्याला कक्षांचा तक्ता दाखवला. मेटॉपची पुढची फेरी साडेदहाला, आणि केंद्र सकाळच्या वेगाने सरकत राहिलं तर पुन्हा फटीत.