विहिरीच्या घशातले मीठ

कैनाडपासून डहाणूचा समुद्र फार दूर नाही. पालघर जिल्ह्याच्या या किनारपट्टीवरच्या माणसाला मीठ कसे तयार होते हे वेगळे सांगावे लागत नाही. मिठागरात खारे पाणी कोंडायचे, उन्हावाऱ्याने ते आटू द्यायचे आणि उरलेले मीठ ओढून घ्यायचे. हीच क्रिया जमिनीच्या पोटात, उन्हाचा कवडसाही पोहोचत नाही अशा खोलीवर घडते. तिथे मात्र ती कुणालाच नको असते.

नैसर्गिक वायूच्या विहिरीत वायूसोबत थोडेफार खारे पाणी येतेच. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; खडकातले पाणी काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट खारट असते. विहीर जुनी झाली की दाब उतरतो, आणि कमी दाबाचा वायू पाण्याची वाफ अधिक सामावून घेतो. पाणी वाफ होऊन वर निघून जाते. मीठ खडकाच्या छिद्रांत आणि नळीत साचते. खाली वायू शिल्लक असूनही उत्पादन घसरते. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीतल्या जुन्या विहिरींना हे दुखणे चांगलेच ठाऊक आहे.

इलाज अगदी घरगुती वाटावा असा: गोडे पाणी. विहीर बंद करायची, वरून पाणी सोडायचे, मीठ विरघळेपर्यंत थांबायचे. एक लिटर पाणी साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळवते. म्हणजे त्रैराशिक मांडले की झाले? तसे नाही. शंभर मीटर उंच पाण्याचे ओझे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दहापट भरते. थकलेल्या विहिरीला ते वर फेकता आले नाही तर मीठ जाते आणि विहीरही जाते! बरे, उशीर करावा, तर मीठ इतके घट्ट बसते की पाण्यालाच वाट उरत नाही. वारंवार धुवावे, तर तेवढा वेळ उत्पादन बंद.

आपले वसई वायुक्षेत्र १९७६ साली सापडले, १९८८ पासून तिथला वायू समुद्रतळाच्या नळातून हजिऱ्याला जाऊ लागला. असे क्षेत्र सापडले की बातमी पहिल्या पानावर येते. पुढची कित्येक वर्षे विहिरी चालत्या ठेवणाऱ्यांची दखल कोण घेतो? मला तर त्यांचेच काम अधिक अवघड वाटते. दाब, पाण्याचा खारटपणा, घसरणीचा वेग सतत मोजत राहायचे, आणि धुण्याचा दिवस व पाण्याचे माप दर विहिरीसाठी निराळे ठरवायचे.