हाडांवर उमटलेली उणीव

भाषेच्या प्राध्यापकाने क्ष-किरणचित्रांविषयी लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु छाया वाचणे हीदेखील वाचनविद्याच आहे. आणि शाळा आपणांस प्रथम शिकविते ते वाचनच.

स्कर्व्ही हा जुन्या दर्यावर्दींचा रोग, अशी आपली समजूत असते. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने संत्री व लिंबे देऊन खलाशांना गुण येतो, हे दाखविले. १८८३ साली टॉमस बार्लो यांनी हाच रोग बालकांतही असतो, हे स्पष्ट केले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर बारा वर्षांनी लागला.

‘क’ जीवनसत्त्वावाचून शरीरास कोलॅजेन हे प्रथिन नीट घडविता येत नाही. हाड म्हणजे या प्रथिनाची जाळी व तीवर बसलेले चुन्याचे क्षार. मुडदुसात जाळी असते, पण क्षार बसत नाहीत. म्हणून वाढत्या हाडाचे टोक चित्रात विसविशीत व खोलगट दिसते. स्कर्व्हीत याच्या उलट घडते. कूर्चेवर क्षार साचत राहतात, पण नवी जाळी विणली जात नाही. त्यामुळे गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाशी ठसठशीत पांढरी रेघ उमटते. ती फ्रेंकेलची रेघ. तिच्यालगत दुबळ्या हाडाचा काळसर पट्टा असतो. टोकाचे अस्थिकेंद्र आतून फिके, भोवती पांढरे कडे; ते विंबर्गरचे कडे. आवरणाखाली साकळलेले रक्त मात्र आरंभी बहुधा दिसत नाही. उपचारांनंतर त्यात क्षार बसू लागले, म्हणजे ते प्रकट होते.

या रेघांमागे एक मूल असते. ते पाय हलवीत नाही, उचलले की रडते. मग पक्षाघाताची, संधिवाताची, रक्ताच्या कर्करोगाचीही शंका येते. रोग विरळ झाल्याने तो चटकन आठवत नाही. तथापि दूध-बिस्किटांवरच राहणारे, फळभाजीला तोंड न लावणारे मूल आजही त्याच्या तावडीत सापडते. निदान झाले, की ‘क’ जीवनसत्त्वाने वेदना थोड्याच दिवसांत ओसरतात.

सर्व चिन्हे प्रत्येक चित्रात एकत्र भेटत नाहीत. म्हणून चित्र पाहणाऱ्याने आईला एक साधा प्रश्न विचारावाच : मूल जेवते काय? शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो, हे आम्ही वर्गात सांगत आलो. छायेचाही तसाच लागतो. आणि जे दुखणे पेरूच्या फोडीने टळले असते, त्यापायी कोणा बालकाने महिनोन् महिने कण्हत राहावे, हे आपल्या वाचनाचेच अपयश होय.