चार रिमोट, एक आजी

आमच्या हॉलमधल्या टीपॉयवर चार रिमोट असतात. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, डीव्हीडी प्लेयरचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा. ही सगळी आबांची हौस. नाट्यसंगीत कसं घरभर घुमलं पाहिजे! कुठला रिमोट कधी दाबायचा हे फक्त त्यांनाच ठाऊक. मागच्या वर्षी आबा गेले. त्यानंतर एका दुपारी मी कॉलेजमधून लवकर घरी आले, तर आजी निळ्या स्क्रीनसमोर पेपर वाचत बसलेली. म्हणाली, "बिघडलाय वाटतं गं. तुझा बाबा आला की बघेल." बिघडलं काहीच नव्हतं, फक्त टीव्हीचा इनपुट बदलला होता. विचारल्यावर कळलं, अशा कित्येक दुपारी तिने नुसत्या बसून काढल्या होत्या.

घरात ई अँड टीसीची थर्ड इयरवाली असताना ही अवस्था! मी एक लर्निंग रिमोट घेऊन आले. पुढे जे झालं ते तुमच्याही कामाला येईल, म्हणून हा लेखप्रपंच.

रिमोट बोलतो काय?

रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड एलईडी असतो. त्याचा प्रकाश साधारण 940 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पण मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बटण दाबलं की बहुतेक वेळा जांभळट उजेड दिसतो. इन्फ्रारेड तर उन्हातही असतं. त्या गर्दीत आपला सिग्नल ओळखू यावा म्हणून एलईडी सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो (काही कंपन्यांत 36 किंवा 40 हजार). हा झाला कॅरियर. तो ठरावीक वेळ चालू-बंद केला की संदेश तयार होतो. एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांची लांब हाक, मग 4.5 मिलिसेकंद शांतता आणि मग 32 बिट. त्यात उपकरणाचा पत्ता आणि कमांड, शिवाय चूक पकडता यावी म्हणून दोन्ही पुन्हा उलटे करून. शून्य आणि एक यांत फरक फक्त मधल्या शांततेच्या लांबीचा!

पोपटाची शिकवणी

साध्या युनिव्हर्सल रिमोटमध्ये कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात. आपलं मॉडेल त्या यादीत नसलं की संपलं. लर्निंग रिमोटला मात्र स्वतःचा रिसीव्हर असतो. तो दुसऱ्या रिमोटचा सिग्नल ऐकतो, त्यातल्या वेळा मेमरीत ठेवतो आणि पोपटासारखा तसाच म्हणून दाखवतो. जनरल इलेक्ट्रिकने 1985 मध्ये असा रिमोट आणला आणि 1987 मध्ये अ‍ॅपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकने स्वतःच्या नव्या कंपनीतून 'कोअर' नावाचा काढला.

शिकवायची रीत सोपी आहे. दोन्ही रिमोट टेबलावर नाकाला नाक लावल्यासारखे, दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवायचे. दोन्हींत नवे सेल. खिडकीचा पडदा ओढलेला, ट्यूबलाइट बंद. लर्न मोडमध्ये जाऊन आधी नव्याचं बटण, मग जुन्याचं. प्रत्येक बटण लगेच तपासून बघायचं. एक लक्षात ठेवा, ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटचं बोलणं या पोपटाला ऐकूच येत नाही.

माझी चूक

आता खरी गंमत म्हणजे मॅक्रो, म्हणजे एका बटणात अनेक कमांड. मी टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर या तिघांचे पॉवर कोड आणि शेवटी इनपुट, असं सगळं एका बटणात भरलं. संध्याकाळी सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीचा फोन, पुन्हा निळा स्क्रीन! मी वैतागून म्हटलं, "तू काहीतरी दाबलं असशील." ती एवढंच म्हणाली, "नाही गं, तू सांगितलंस तेच दाबलं." आणि तिने फोन ठेवला.

चूक माझी होती. सकाळी लाइट जाऊन आली होती. लाइट आल्यावर बॉक्स आपोआप चालू झाला, बाकीचे दोघे बंदच. पॉवरचं बटण म्हणजे टॉगल. बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. माझ्या मॅक्रोने त्या दोघांना उठवलं आणि बॉक्सला झोपवलं! रिमोट फक्त बोलतो, समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून त्याला 'बदल' असं सांगायचंच नाही. 'चालू हो' किंवा 'बंद हो' असंच सांगायचं.

असे स्वतंत्र कोड पुष्कळ उपकरणांना कळतात, पण कंपनीच्या रिमोटवर त्यांची बटणं नसतात. एनईसीत कमांड 8 बिटांची, म्हणजे 256 शक्यता, आणि आमच्या रिमोटवर बटणं पन्नासही नाहीत. मग ऑर्डुइनोला एक इन्फ्रारेड एलईडी जोडला आणि उरलेले कोड एकेक करून पाठवत बसले. दोन संध्याकाळी गेल्या, पण टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्हींचे वेगळे ऑन-ऑफ सापडले, टीव्हीचा थेट एचडीएमआय-1 सुद्धा. ते त्या एलईडीवरूनच पोपटाला शिकवले. (सावधान! यात सर्व्हिस मेनू उघडणारे कोडही असतात. तिथे काही न बदलता बाहेर पडा.) बॉक्स मॅक्रोतून काढला, तो कायम चालूच असतो. टीव्हीला जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून मध्ये आठ सेकंदांचा थांबा टाकला.

उरली नावं. बटणांवर चिकटवायला मी इनपुटसाठी डिक्शनरीतून 'स्रोत' शोधून आणला. आजी म्हणाली, "कुठल्या नदीचा गं?" तेव्हा समजलं की तिला इनपुट नकोच आहे, तिला कार्यक्रम हवाय. शेवटी सात बटणं ठेवली. 'टीव्ही', 'आबांची गाणी', 'बंद', आवाजाची दोन आणि चॅनेलची दोन. बाकीच्यांवर काळी पट्टी.

एकच अडचण राहिली. बटण दाबलं की आजी लगेच रिमोट खाली ठेवायची आणि अर्धा मॅक्रो टीपॉयच्या पोटात जायचा. मी सांगितलं, रिमोट समोर धरून दहापर्यंत मोज. परवा जिना चढतानाच आतून आवाज आला, "आठ... नऊ... दहा." आणि आबांची सीडी सुरू झाली. मी बेल वाजवली नाही, गाणं संपेपर्यंत पायरीवरच बसले.